परदेशी कॉम्प्युटर आणि आपली वीज

परदेशातून आलेली वस्तू घरात येते तेव्हा तिच्याबरोबर थोडे कौतुक येते आणि थोडी धास्तीही येते. साडी आली, घड्याळ आले, चॉकलेटचा डबा आला, तर प्रश्न नसतो. पण विजेवर चालणारी वस्तू आली की घरातले वडीलधारे माणूस पहिला प्रश्न विचारते : "हे आपल्या लाइटवर चालेल ना?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र पुष्कळदा अंदाजाने दिले जाते, आणि तो अंदाज कधी पैशाला, कधी जिवालाही महाग पडतो. तेव्हा या प्रश्नाचा नीट उलगडा करून घेऊ.

समजा, राजूरच्या एका मास्तरांचा भाचा अमेरिकेत न्यू जर्सीला नोकरीला आहे. दिवाळीला गावी यायच्या आधी तो फोनवर विचारतो, "मामा, पोरांसाठी कॉम्प्युटरचे भाग इकडून घेऊन येऊ का? काही भाग इथे स्वस्त मिळतात." मामा म्हणतात, "आण बाबा, पण तिकडची वीज वेगळी असते म्हणतात. इथे लावल्याबरोबर धूर निघाला तर?" भाचा म्हणतो, "त्यात काय, पिन बदलायची अडॅप्टर मिळते दहा रुपयांत." मामांची शंका खरी आहे, आणि भाच्याचे उत्तर अर्धवट आहे. कसे ते पहा.

अकोले तालुक्याला विजेची ओळख नव्याने करून द्यावी असे नाही. प्रवरा नदी रतनगडाच्या परिसरात उगम पावते. तिच्यावरचे भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. आज त्या पाण्यावर वीज तयार होते. तालुक्याच्या पश्चिम टोकाला घाटघर येथे २५० मेगावॉटचा प्रकल्प आहे. रात्री विजेची मागणी उतरली की खाली कोकणातल्या तलावातले पाणी पंपाने वर घाटमाथ्यावर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची, असा तो उफराटा वाटणारा पण मोठ्या उपयोगाचा कारभार आहे. या घाटघरच्या प्रकल्पाला जपानने कर्ज दिले. आता गंमत अशी की ज्या जपानच्या पैशाने आपल्या तालुक्यात हे वीजघर उभे राहिले, त्या जपानमधल्या घरातली वीज आपल्यासारखी नाही. आपल्या घरात २३० व्होल्ट दाबाची वीज येते, जपानी घरात १०० व्होल्टची. जपानमधला साधा दिवा आणून घाटघरच्या घरात लावला तर तो क्षणभर डोळे दिपवील आणि कायमचा जाईल.

हा फरक का पडला? विजेचा धंदा निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या कंपन्यांनी सुरू केला आणि ज्याने त्याने आपल्या सोयीचे माप धरले, हे त्याचे कारण. एडिसनने १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये घरोघर वीज दिली ती सुमारे ११० व्होल्टची. त्या वेळच्या दिव्यांना तो दाब मानवत असे. पुढे अमेरिकेत दिवे, यंत्रे, तारा सगळे याच मापाचे झाले, आणि आज तिथे घरात १२० व्होल्ट असतात. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्लिनच्या वीज कंपनीने दाब दुप्पट करून २२० व्होल्ट केला. दाब दुप्पट केला की तेवढेच काम निम्म्या प्रवाहात होते, आणि प्रवाह निम्मा झाला की त्याच तारेत वाया जाणारी वीज चौथाईवर येते. तांबे वाचते. युरोप त्या वाटेने गेला, आणि इंग्रजांच्या मागोमाग आपणही.

दाबाखेरीज दुसरे एक माप आहे, ते आवर्तनांचे. घरातली वीज एका दिशेने वाहत नाही. ती पुढे-मागे, पुढे-मागे अशी हेलकावे घेते. आपल्याकडे सेकंदाला असे ५० हेलकावे होतात, अमेरिकेत ६०. यालाच हर्ट्झ म्हणतात. जुन्या यंत्रांवर सायकल्स असे लिहिलेले दिसेल. जपानची गोष्ट इथेही मासलेवाईक आहे. १८९५ च्या सुमारास टोकियोने जर्मनीची यंत्रे घेतली, ती ५० हर्ट्झची. ओसाकाने अमेरिकेची घेतली, ती ६० ची. त्या देशाचे पूर्वेकडचे अर्ध आजही ५० वर आणि पश्चिमेकडचे अर्ध ६० वर चालते. २०११ च्या भूकंपात पूर्वेकडची वीजघरे बंद पडली तेव्हा पश्चिमेकडे वीज असूनही ती हवी तितकी पूर्वेला नेता आली नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी यंत्रे विकत घेताना केलेली निवड अशी पुढच्या पिढ्यांच्या गळ्यात पडते. आपण तर घरापुरतेच एक यंत्र घेणार. पण निवड करताना डोळे उघडे ठेवावेत, हा धडा तोच.

तर परदेशी वस्तू आणि आपली वीज यांचा मेळ घालायचा म्हणजे तीन गोष्टी पाहायच्या : पिन, दाब आणि आवर्तने. या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. लोक नेमका घोटाळा करतात तो या तिन्हींची एकच मोळी बांधण्यात.

पहिली गोष्ट पिन. आपल्या बोर्डाची गोल भोके ही जुन्या ब्रिटिश पद्धतीची आहेत. खुद्द इंग्लंडने घरातून ती केव्हाच हद्दपार केली आणि तिथे आता चौकोनी, जाड तीन पट्ट्यांची पिन असते. अमेरिकेची पिन पातळ चपट्या पट्ट्यांची. बाजारात मिळणारे पिन बदलायचे अडॅप्टर फक्त एवढेच करते की चपटी पट्टी गोल भोकात बसावी. त्याने विजेचा दाब एका व्होल्टनेही कमी होत नाही. बैलगाडीचा जू ट्रॅक्टरला बांधता आला म्हणून बैल ट्रॅक्टरच्या वेगाने धावेल काय? पिन बसली म्हणजे यंत्र चालले असे समजणे हे तसेच आहे.

दुसरी गोष्ट दाब. खरा धोका इथे आहे. साधे गणित करून पाहू. अमेरिकेतून आणलेली एक लहान शेगडी आहे, १२० व्होल्टवर ६०० वॉट घेणारी. तिच्यातून तिकडे ५ अँपियर प्रवाह वाहतो. तीच शेगडी आपल्या २३० व्होल्टवर लावली तर प्रवाह साडेनऊ अँपियरच्या वर जातो, आणि ६०० वॉटऐवजी सुमारे २२०० वॉट उष्णता निघते. दाब दुपटीपेक्षा कमीच वाढला, पण उष्णता पावणेचार पटीच्या जवळ गेली. तार वितळते, प्लॅस्टिक पेटते, आणि शेगडी पडद्याजवळ असली तर घरही. म्हणून मामांची शंका अनाठायी नव्हती.

तिसरी गोष्ट आवर्तने. इथे आग लागत नाही, पण चाल बिघडते. पूर्वी परदेशाहून परतणारी मंडळी ग्रामोफोन आणीत. ज्या ग्रामोफोनची मोटर विजेच्या आवर्तनांच्या तालावर फिरे, तो ६० च्या देशातून ५० च्या देशात आला की सहाच्या जागी पाचच पावले टाकी. दाब कमी करणारा ट्रान्स्फॉर्मर लावूनही हा दोष जात नसे. तीन मिनिटांचे गाणे तीन मिनिटे छत्तीस सेकंद चाले, आणि गायिकेचा आवाज भरडा होई. शिवाय ६० आवर्तनांसाठी बेताने बांधलेला ट्रान्स्फॉर्मर ५० वर जास्त तापतो, हेही ध्यानात ठेवावे.

आता कॉम्प्युटरकडे येऊ. इथे मात्र बातमी चांगली आहे. कॉम्प्युटरच्या पोटातले भाग, म्हणजे प्रोसेसर, मेमरी, डिस्क, ग्राफिक्स कार्ड, मदरबोर्ड, पंखे, यांपैकी कोणालाही घरातली वीज थेट पोचत नाही. त्यांना एका दिशेने वाहणारी, अगदी हलक्या दाबाची वीज लागते : १२ व्होल्ट, ५ व्होल्ट, ३.३ व्होल्ट आणि त्याहूनही कमी. ही मापे साऱ्या जगात एकच आहेत. न्यू जर्सीत घेतलेली मेमरी आणि पुण्यात घेतलेली मेमरी यांत विजेच्या दृष्टीने काडीचा फरक नाही. बाहेरची वीज आणि आतले भाग यांच्यामध्ये एक दारवान बसलेला असतो. त्याचे नाव पॉवर सप्लाय. दुकानदार त्याला एसएमपीएस म्हणतात. कॉम्प्युटरच्या खोक्यात मागच्या बाजूला, पंखा असलेला जो पत्र्याचा डबा असतो तो हाच. लॅपटॉपच्या बाबतीत हेच काम वायरीवरची काळी वीट करते.

हा डबा काम कसे करतो? प्रवरेच्या पाण्याचे उदाहरण घ्या. पावसाळ्यात नदी दुथडी भरून येते, उन्हाळ्यात तिची धार होते. पण ते पाणी भंडारदऱ्यात आणि निळवंड्यात अडते, आणि तिथून मोजून सोडले जाते. पुढे ओझरच्या बंधाऱ्यावरून कालव्यात जाते ते बेतानेच. एसएमपीएस असेच करतो. बाहेरची हेलकावणारी वीज तो आधी एका दिशेची करून एका साठवणीत अडवतो. आपल्या २३० व्होल्टची तिथे सुमारे ३२५ व्होल्टची साठवण होते. मग एक विजेचे दार सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून त्या साठवणीतून हवी तेवढीच वीज पुढे सोडते. बाहेरचा दाब कमी झाला तर दार थोडे जास्त वेळ उघडे राहते, वाढला तर थोडे कमी. पलीकडे १२ व्होल्ट ते १२ च राहतात. आणि वीज आधीच एका दिशेची करून घेतल्यामुळे ती ५० वेळा हेलकावत आली की ६० वेळा, याची त्याला फिकीर नसते.

एके काळी हेच काम किती अवघड होते ते पाहिले म्हणजे या डब्याचे मोल कळते. मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६४ साली अमेरिकेहून सीडीसी ३६०० हा मोठा कॉम्प्युटर आणला. त्या काळची कित्येक मोठी यंत्रे रस्त्यावरच्या विजेवर सरळ चालतच नसत. त्यांच्यासाठी मोटर आणि जनित्र यांची जोडी बसवीत. शहराची वीज मोटरीला द्यायची, मोटरीने जनित्र फिरवायचे आणि जनित्राने यंत्राला मानवेल अशी नवी वीज करायची. त्याला वेगळी खोली लागे, वेगळी माणसे लागत. आज ते सारे विटेएवढ्या डब्यात मावले आहे आणि तो डबा राजूरच्या टेबलाखाली बसतो.

पण सगळे दारवान सारखे नसतात, म्हणून प्रत्येक डब्यावरचे लेबल वाचावे. सगळ्या बोलण्याचे सार एका वाक्यात सांगायचे तर ते हे : वस्तू कोणत्या देशातून आली हे पाहू नका, तिच्या लेबलवर काय छापले आहे ते पाहा. लेबलवर इनपुट असा शब्द असतो आणि त्यापुढे आकडे असतात. त्यांचे तीन प्रकार संभवतात.

पहिला प्रकार : इनपुट १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ. असे लेबल असले की निश्चिंत व्हा. ही वस्तू अमेरिकेत, जपानात, दुबईत आणि अकोल्यात सारखीच चालेल. आजकालचे जवळजवळ सर्व लॅपटॉपचे अडॅप्टर, मोबाइलचे चार्जर, बहुतेक मॉनिटर आणि चांगल्या प्रतीचे एसएमपीएस याच प्रकारचे असतात. फक्त वायर बदलायची.

दुसरा प्रकार : इनपुट ११५/२३० व्होल्ट, आणि डब्याच्या मागे एक लहान, बहुधा लाल, सरकवायचे बटण. जुन्या आणि स्वस्त एसएमपीएसमध्ये हे असते. अमेरिकेतून आलेल्या डब्याचे बटण ११५ वर असते. ते पिन लावण्यापूर्वी २३० कडे सरकवलेच पाहिजे. ११५ वर असताना डबा आतल्या आत दाब दुप्पट करून घेतो. त्याला आपले २३० व्होल्ट दिले तर साठवणीत सव्वातीनशेच्या जागी साडेसहाशे व्होल्ट चढू पाहतात. मग फटाका फुटावा तसा आवाज होतो, जळका वास येतो आणि डबा संपतो. उलट, आपल्याकडचा २३० वर ठेवलेला डबा अमेरिकेत नेला तर तो नुसताच मुकाट बसतो. नुकसान होते ते इकडे येताना. हे बटण वायर काढलेली असतानाच सरकवावे, आणि मग मुलांचा हात लागू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावून टाकावी.

तिसरा प्रकार : इनपुट फक्त १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, किंवा जपानी वस्तूवर फक्त १०० व्होल्ट. ही वस्तू आपल्या बोर्डाला थेट लावायची नाही. लेसर प्रिंटर पुष्कळदा या प्रकारात मोडतो, कारण कागदावर शाई पक्की करण्यासाठी त्यात तापणारा रूळ असतो आणि तो त्या त्या देशाच्या दाबासाठी बनवलेला असतो. अमेरिकन यूपीएस तर याच प्रकारचा. आत येणारी आणि बाहेर जाणारी वीज दोन्ही १२० व्होल्टची. आणि सर्वांत फसवी वस्तू म्हणजे तिकडचा एक्स्टेन्शन बोर्ड. लॅपटॉप चालतो ना, मग त्याच्याबरोबरचा बोर्डही चालेल, असे वाटते. पण त्या बोर्डाच्या आत जास्त दाबापासून रक्षण करणारा एक लहान भाग बसवलेला असतो, आणि १२० व्होल्टच्या हिशेबाने बनवलेल्या त्या भागाला आपले २३० व्होल्ट हाच जास्त दाब वाटतो. तो लागलीच तापतो, जळतो. रक्षण करणाराच आग लावतो. बोर्ड इथलाच घ्यावा.

वायफायचा राउटर वगैरे लहान वस्तूंचे बरे असते. त्याचा अडॅप्टर १२० व्होल्टचा निघाला तर राउटर फेकायचे कारण नाही. इथला अडॅप्टर घ्यावा. मात्र तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत : बाहेर येणारे व्होल्ट तितकेच, अँपियर तितके किंवा जास्त, आणि पिनेच्या आतली-बाहेरची धन-ऋण बाजू तीच.

"पण मग ट्रान्स्फॉर्मर लावून चालणार नाही का?" असे कोणी विचारील. चालेल, पण हिशेब करून. समजा, लेसर प्रिंटरवर १२० व्होल्ट, ८ अँपियर लिहिले आहे. गुणाकार ९६० होतो. अगदी तेवढ्याच शक्तीचा ट्रान्स्फॉर्मर घेतला तर तो सतत धापा टाकील, पंधराशेचा घ्यावा. तो जड, महाग, गुरगुरणारा असतो आणि प्रिंटर बंद असला तरी थोडी वीज खात राहतो. त्यात एखाद्या दिवशी घरातल्या कोणी चुकून प्रिंटरची पिन सरळ भिंतीतल्या बोर्डात खोचली की सगळे मुसळ केरात. तेव्हा असा प्रिंटर आणण्यापेक्षा संगमनेरला किंवा नाशिकला जाऊन इथला घेणे शहाणपणाचे.

सर्वच परदेश सारखा नाही, हेही सांगायला हवे. दुबईत, इंग्लंडात, ऑस्ट्रेलियात वीज आपल्यासारखीच, २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. तिकडून आलेल्या वस्तूची पिन तेवढी वेगळी. सौदी अरेबियात दाब २३० असला तरी आवर्तने ६०. खरी सावधगिरी हवी ती अमेरिका, कॅनडा, जपान आणि तैवान येथून येणाऱ्या वस्तूंबाबत.

आतापर्यंत आपण परदेशी वस्तूची परीक्षा घेतली. आता थोडी आपल्या विजेचीही घ्यायला हवी, कारण मेळ दोन्ही बाजूंनी जुळावा लागतो. पाटीवर २३० व्होल्ट असले म्हणून बोर्डात २३० येतातच असे नाही. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत घरगुती दाब ठरलेल्या मापापेक्षा सहा टक्क्यांहून अधिक वरखाली होऊ नये असे सांगितले होते. म्हणजे साधारण २१६ ते २४४. पण डीपीपासून लांब, लाइनीच्या शेवटी असलेल्या वस्तीवर शेतीचे पंप सुरू झाले की काय होते ते तुम्ही जाणता. दिवे पिवळे पडतात, पंखा आळसावतो. दाब १७० किंवा १६० वर उतरतो. अशा वेळी १०० ते २४० व्होल्टचा एसएमपीएस उपयोगी पडतो. ज्या डब्याला अमेरिकेत १२० वर चालायची सवय आहे त्याला १६० म्हणजे सुकाळच. जगभर चालावे म्हणून केलेली सोय आपल्या वस्तीवरच्या अशक्त विजेलाही अशी कामी येते. नवा कॉम्प्युटर इथेच घ्यायचा असला तरी एसएमपीएस या प्रकारचा मागावा, आणि फक्त २२० ते २४० व्होल्टचा शक्यतो टाळावा, तो याचसाठी.

मात्र दाब चढतो तेव्हा हा गडी फारसा टिकत नाही. २४० च्या थोडे वर त्याला चालते, तीनशेच्या वर नाही. आणि तीनशेच्या वर दाब जाण्याचा प्रसंग खेड्यात येतो तो न्यूट्रल तुटल्यामुळे. तीन फेजच्या लाइनीत फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये २३० व्होल्ट असतात, पण दोन फेजमध्ये सुमारे ४०० असतात. वादळात न्यूट्रलची तार तुटली किंवा डीपीवरचा तिचा जोड सैल झाला की एका घरातला दिवा मिणमिणतो आणि शेजारच्या घरातला लखलखतो. दिवा असा अचानक जास्त पेटलेला दिसला की विचार करीत बसू नये. मेन स्विच बंद करावा आणि वायरमनला निरोप धाडावा. घरात जास्त दाब आल्यावर आपोआप वीज तोडणारे उपकरण बसवून घेतले तर उत्तमच. तसेच वळवाच्या विजा कडाडू लागल्या की कॉम्प्युटरची पिन बोर्डातून काढून ठेवावी. नुसते बटण बंद करून भागत नाही. इंटरनेटची तांब्याची तार असेल तर तीही काढावी.

वीज जाण्या-येण्याचेही तसेच. चांगला एसएमपीएस आपल्या साठवणीवर सेकंदाच्या सुमारे साठाव्या भागाएवढा वेळ दम धरतो. यूपीएस त्याहून कमी वेळात बॅटरीवर येतो, म्हणून कॉम्प्युटर बंद पडत नाही. घरातला साधा इन्व्हर्टर मात्र कधी जास्त वेळ घेतो. त्याला यूपीएस असे लिहिलेले बटण असेल तर ते लावून ठेवावे. शिवाय नव्या पद्धतीच्या काही एसएमपीएसना चौकोनी लाटेच्या स्वस्त इन्व्हर्टरची वीज मानवत नाही. ते कुरकुरतात किंवा बंद पडतात. घेताना साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्यावा. घाटघर-भंडारदऱ्याच्या पावसात लाइट किती वेळा जाते हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

एक शेवटची पण सर्वांत मोलाची गोष्ट, ती अर्थिंगची. कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लावल्यावर बोटांना झिणझिण्या येतात, असे पुष्कळ जण सांगतात आणि हसण्यावारी नेतात. त्याचे कारण असे की एसएमपीएसमध्ये वीज स्वच्छ करणारे दोन छोटे भाग असतात, त्यांचे एक टोक पत्र्याला जोडलेले असते. त्यांच्यातून येणारी किंचित वीज अर्थिंगच्या तारेने जमिनीत जावी अशी योजना असते. अर्थिंग नसले तर पत्र्यावर आपल्या दाबाच्या निम्मा, म्हणजे शंभर-सव्वाशे व्होल्टचा दाब उभा राहतो. प्रवाह इतका थोडा असतो की त्याने नुसत्या झिणझिण्या येतात. पण त्या झिणझिण्या एक निरोप देत असतात : तुमच्या घराला अर्थिंग नाही. उद्या आत एखादी तार सुटून पत्र्याला चिकटली तर झिणझिण्यांवर भागणार नाही. म्हणून अमेरिकेची तीन पट्ट्यांची पिन दोन भोकांच्या अडॅप्टरमध्ये खोचून तिसरीचा निकाल लावू नये. कॉम्प्युटरची वायर डब्यापासून सुटी होते. तिकडची वायर, जिच्या पिनेवर १२५ व्होल्ट लिहिलेले असते, ती बाजूला ठेवावी आणि आपल्या तीन गोल पिनांची वायर दुकानातून आणावी. घराच्या अर्थिंगचा खड्डा जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावा आणि उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की त्यात पाणी घालीत जावे. वाळक्या मुरमाच्या जमिनीत अर्थिंग नावालाच उरते.

पैशाचा हिशेबही मांडून पाहावा. तिकडच्या दुकानातली किंमत म्हणजे घरात पडणारी किंमत नव्हे. टपालाने किंवा कुरियरने मागवले तर वाहतूक, सीमाशुल्क आणि कर हे सारे मिळवावे लागते. पाच हजारांपर्यंतची भेटवस्तू शुल्काशिवाय येत असे, ती सवलत डिसेंबर २०१९ मध्ये काढून घेतली गेली. प्रवासी स्वतः येत असेल तर अठरा वर्षांवरील माणसाला एक लॅपटॉप शुल्काशिवाय आणता येतो. सुट्या भागांना सामानाची साधारण मर्यादा लागू होते. या मर्यादा आणि दर बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी सीमाशुल्क खात्याची चालू माहिती पाहून घ्यावी. हमीचाही प्रश्न आहे : पुष्कळ भागांची हमी विकत घेतलेल्या देशापुरतीच असते, आणि भाग बिघडला तर तो पुन्हा सातासमुद्रापलीकडे पाठवावा लागतो. इथे विकल्या जाणाऱ्या अडॅप्टरवर भारतीय मानक ब्यूरोच्या नोंदणीचे चिन्ह असावे लागते. तेही पाहून घेण्याची सवय ठेवावी.

मग भाच्याने काय आणावे? प्रोसेसर, मेमरी, डिस्क, ग्राफिक्स कार्ड हे भाग हिशेब जुळत असेल तर खुशाल आणावेत. विजेचा त्यांना अडसर नाही. लॅपटॉप आणावा. मॉनिटर आणि एसएमपीएस लेबल वाचून आणावेत. दुकानात उभे राहूनच लेबलचा फोटो काढून इकडे पाठवला तर आणखी बरे. लेसर प्रिंटर, यूपीएस आणि एक्स्टेन्शन बोर्ड मात्र तिकडेच राहू द्यावेत. ते आपल्या बाजारात आपल्या मापाचे मिळतात. आणि वस्तू घरी आल्यावर घाई करू नये. आधी लेबल, मग मागचे बटण, मग आपली तीन पिनांची वायर, आणि शेवटी बोर्डाचे बटण, हा क्रम पाळावा. लेबल वाचायला अर्धे मिनिट लागते. घरातल्या दहावी-बारावीच्या मुलांनाच ते काम सांगावे. व्होल्ट आणि अँपियर त्यांनी पुस्तकात वाचलेले असतातच, ते डब्यावरही वाचायचे असतात हे त्यांना एकदा कळले की पुढच्या वस्तूच्या वेळी कोणाला विचारत बसावे लागणार नाही.